गौरी जेवायच्या आधी मिळणारी गोळी

आमच्या सासरी गौरी जेवतात त्या दिवशी पंचवीस-तीस पानं होतात. त्याच्या आठवडाभर आधी मोठ्या काकूंची, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंची, घरात एक फेरी असते. एकेका सुनेला बाजूला घेऊन आवाज बारीक करून विचारायचं, "तुझी तारीख कधी गं?" जिची तारीख आसपास असेल तिच्या हातात कात्रीने कापलेला गोळ्यांच्या पट्टीचा तुकडा पडतो. दिवसातून तीनदा, जेवून, आजपासून. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मलाही मिळाला होता, पट्टीवरचं नाव नेमकं अर्धं कापलेलं. चिठ्ठी नाही, बीपी बघणं नाही, काही त्रास आहे का एवढंही कोणी विचारलं नाही, आणि मी पण नवी नवरी, मुकाट्याने घेतल्या.

तर ह्याच काकू, मुलगी झाल्यावर मी गर्भनिरोधक गोळ्यांचं डॉक्टरांना विचारायला चाललेय म्हटल्यावर काय म्हणाल्या? "नको गं बाई, त्या हार्मोनच्या असतात!"

तेव्हा मी गप्प बसले कारण मलाही माहीत नव्हतं. नंतर वाचलं, डॉक्टरांना विचारलं, आणि हसावं की रडावं कळेना. पाळी पुढे ढकलायच्या त्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं, ५ मिलिग्रॅम. हे हार्मोनच आहे, आणि साधंसुधं नाही, गर्भनिरोधक गोळीच्या खानदानातलंच! १९५१ साली मेक्सिकोत ते पहिल्यांदा तयार झालं, आपल्या कोनफळाच्या जातीतल्या एका जंगली कंदातून मिळणाऱ्या द्रव्यापासून. हेच नॉरएथिस्टेरॉन रोजच्या एकहार्मोनी गर्भनिरोधक गोळीत फक्त ०.३५ मिलिग्रॅम असतं. काकूंच्या हिशोबाने दिवसाला तीन गोळ्या म्हणजे १५ मिलिग्रॅम, चाळीस पटीहून जास्त. शिवाय एवढ्या डोसमध्ये त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे गुठळीचा धोका वाढवणाऱ्या हार्मोनमध्ये बदलतो, म्हणून जिला पूर्वी रक्ताची गुठळी झालीये किंवा तसा धोका आहे तिने ही गोळी अशी हातावर ठेवली म्हणून घ्यायची नसते. म्हणजे आमच्या घरात हार्मोन चालत नाहीत असं नाही, देवासाठी चालतात, फक्त बाईला स्वतःसाठी हवे असले की त्यांची भीती वाटायला लागते. (आणि हो, ह्या गोळ्या चालू आहेत म्हणजे दिवस राहणार नाहीत असं समजू नका, त्या त्यासाठी दिलेल्या नसतात. आमच्या नात्यात एक गौरी-गणपतीचं बाळ आहे.)

माझी आणि हार्मोनची ओळख खरं तर त्याच्याही आधीची. एकोणीस वर्षांची असताना पीसीओडी म्हणून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, २१ दिवस घ्यायच्या आणि ७ दिवस बंद. आईने पाकिटावरचं वाचलं आणि ती पट्टी तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या आत खुपसून ठेवली. घरी पाहुणे येतात, कोणी बघितलं तर स्थळं कशी येणार! मी रोज रात्री कोपरापर्यंत हात तांदळात घालून गोळी शोधायची. एकदा सापडेनाच, तर आईने निम्मा डबा परातीत ओतला आणि बाबांनी विचारलं, एवढ्या रात्री तांदूळ कशाला निवडताय?

त्या गोळ्यांचं काम कसं चालतं ते तेव्हा कोणी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते. दोन हार्मोन असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (काकूंच्या गोळीतलं नॉरएथिस्टेरॉन हे एक प्रोजेस्टिनच). मेंदूला वाटतं की हार्मोन भरपूर आहेत, मग तो बीजकोषाला बीज सोडायची ऑर्डरच देत नाही. वर गर्भाशयाच्या तोंडाशी असणारा चिकट स्राव घट्ट होतो, शुक्राणूंना आत जायला अवघड जातं. मधल्या ७ दिवसांत जे अंगावरून जातं ती खरी पाळी नसतेच, हार्मोन अचानक थांबले म्हणून आलेलं रक्त असतं. सरकारी माला-एन आणि दुकानात मिळणारी माला-डी ह्यांच्या पट्टीत २८ गोळ्या असतात, पैकी ७ निव्वळ लोहाच्या, वेगळ्या रंगाच्या, कारण रोज खायची सवय मोडू नये आणि आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका भरपूर. एक गोळी विसरलात तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन किंवा जास्त विसरलात तर गोळ्या चालू ठेवून पुढचे ७ दिवस निरोध वापरायचा. अगदी काटेकोर घेतली तर वर्षाला हजारात तिघींनाच दिवस राहतात, पण आपण जशा घेतो तशा घेतल्या तर शंभरात सात. हा फरक माझ्यासारख्या विसरभोळ्या बायकांचा आहे, गोळीचा नाही.

तर मुलगी तीन महिन्यांची, अंगावर पिणारी, रात्रीची झोप नाही, आणि मी डॉक्टर मॅडमसमोर. मला वाटलं होतं त्या चिठ्ठी लिहून देतील आणि मी सुटेन. त्यांनी आधी बीपी घेतलं, मग विचारलं तंबाखू-सिगरेट आहे का (मी हसले, त्या नाही हसल्या), मग घरात कोणाला पायात गुठळी वगैरे, आणि मग एक प्रश्न जो मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता: "डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात का?" मला नाही दिसत, माझ्या ताईला दिसतात. तशी अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेनवाली गोळी अजिबात द्यायची नसते, पक्षाघाताचा धोका वाढतो. ताई दोन वर्षं मेडिकलमधून परस्पर आणून तीच खात होती, बाहेर आल्या आल्या पहिला फोन तिला केला.

गुठळीचं मी मुद्दाम विचारलं कारण त्याचीच भीती होती. आकडे असे आहेत: दहा हजार बायकांमध्ये गोळी न घेणाऱ्यांत वर्षाला १ ते ५ जणींना गुठळी होते, गोळी घेणाऱ्यांत ३ ते ९, गरोदरपणात ५ ते २०, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत ४० ते ६५. म्हणजे गोळीने धोका वाढतो हे खरं, पण ज्या गोष्टीपासून गोळी वाचवते तिचाच धोका जास्त. आणि बाळंतिणीला आधीच एवढा धोका असतो म्हणून सुरुवातीला इस्ट्रोजेन द्यायचं नाही. अंगावर पाजत असाल तर साधारण सहा महिने थांबतात, दुधावरही परिणाम होऊ शकतो. मला मॅडमनी ती गोळी दिलीच नाही. अजून एक लक्षात ठेवा, टीबीच्या औषधात रिफाम्पिसिन असतं त्याने ह्या गोळीचा परिणाम कमी होतो, फिट्सच्या काही औषधांनीही. सर्दी-तापाच्या साध्या अँटिबायोटिकने होत नाही.

मग राहिलं काय? नुसत्या प्रोजेस्टिनची गोळी, पण ती रोज ठराविक वेळेला. मॅडमनी माझ्या तोंडाकडे बघून ती स्वतःच बाजूला ठेवली. मग अंतरा. अंतरा म्हणजे दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, २०१७ पासून. गावाकडे आमच्या शेजारची वहिनी घेते, तिच्याकडे तारखांचं कार्ड आहे आणि आशाताई आठवण करतात. तिला ते आवडतं कारण घरात काही दिसत नाही, पट्टी नाही, लपवायला डबा नाही. पण दोन गोष्टी आधी माहीत हव्यात. एक, पाळी वेडीवाकडी होते, कधी पंधरा दिवस थेंब थेंब, मग पुढे बंदच. दोन, इंजेक्शन थांबवलं तरी दिवस राहायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून सरासरी सात ते दहा महिने. सहा महिन्यांनी दुसरं मूल हवंय असं ज्यांचं चाललंय त्यांनी ह्या वाटेला जाऊ नये. वहिनीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "दहा वर्षं नको मला आता," विषय संपला.

छाया नावाच्या गर्भनिरोधक गोळीबद्दल बऱ्याच जणी विचारतात, "ती बिनहार्मोनची ना?" हो, ती लखनौच्या सरकारी प्रयोगशाळेत तयार झालेली, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा. स्टेरॉइड हार्मोन नाही, पण इस्ट्रोजेन जिथे काम करतं तिथेच जाऊन बसते. अंगावर पाजतानाही चालते. पाळी लांबते मात्र, आणि पाळी लांबली की जीव टांगणीला लागतो, त्यामुळे मला नकोच वाटली. दंडात कातडीखाली बसवायची एक काडीही असते, तीन वर्षांची, ती मी प्रत्यक्षात कोणाकडे बघितलेली नाही.

मी शेवटी मिरेना बसवली. ती दिसायला तांबीसारखीच, इंग्रजी टीच्या आकाराची, पण तांब्याऐवजी तिच्या दांडीत हार्मोन असतं, ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल, ते थेंबाथेंबाने गर्भाशयातच सुटतं, रक्तात फार कमी जातं. तांबीने पाळीला जास्त जातं, हिने कमी होतं. महाग आहे, तांबी सरकारी दवाखान्यात फुकट बसवतात आणि ही हजारांत जाते, नवरा म्हणाला एवढे? मी म्हटलं तुझं ऑपरेशन पण फुकट असतं, दहा मिनिटांचं, मग गप्प. (२०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण ३८ टक्क्यांनी ऑपरेशन केलेलं होतं, नवऱ्यांचा आकडा ०.३ टक्के.) बसवताना दुखलं, नाही म्हणणार नाही, पाळीच्या कळेसारखी एक जोरदार कळ आणि मग दोन दिवस ओटीपोटात मुरडा. पुढचे चार महिने स्पॉटिंग, रोज लायनर, चिडचिड, दोनदा काढून टाकायला निघाले होते. पाचव्या महिन्यात थांबलं आणि मग पाळीच येईनाशी झाली.

ह्यावर आई म्हणाली, "अगं मग ते घाण रक्त साठतं कुठे?" साठत नाही गं आई. अस्तर तयारच होत नाही, तर बाहेर काय पडणार.

एमर्जन्सी गोळीचं थोडक्यात, कारण ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने दोन महिन्यांत तीनदा घेतली आणि मग पाळीचा पार गोंधळ होऊन रडत बसली. ती ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. ती बीज बाहेर पडणं पुढे ढकलते, आधीच पडलेलं असेल तर उपयोग नाही. गर्भपाताची ती गोळी नाही, राहिलेले दिवस तिने जात नाहीत, आणि घेतल्यानंतरच्या पुढच्या रात्रीची जबाबदारीही ती घेत नाही. महिन्यातून दोनदा लागत असेल तर रोजची पद्धत शोधायची वेळ झालीये. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, आणि आमच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला अजून ही गोळी आधी वर्तमानपत्रात आणि मग काळ्या पिशवीत गुंडाळून देतो, जसं काही मी गावठी कट्टा घेतलाय.

ह्या वर्षी गौरींच्या आधी काकू नेहमीसारख्या पट्टी आणि कात्री घेऊन आल्या. "तुझी तारीख?" मी म्हटलं काकू, मला आता पाळीच येत नाही. आधी घाबरल्या, मग मी दार लोटून सगळं सांगितलं, ती टीच्या आकाराची वस्तू मोबाईलवर दाखवली, हार्मोनची आहे हेही सांगितलं. त्यांनी फोन हातात घेऊन, चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. "म्हणजे सगळ्या सणांना मोकळी?" मी म्हटलं तसं नाही, मध्येच थोडं डाग लागतं कधीकधी. त्यांनी कात्री ठेवली आणि म्हणाल्या, आमच्या धाकटीला फार जातं गं पाळीत, उन्हाळ्यात रक्त चढवावं लागलं, तिला चालेल का विचारशील तुझ्या डॉक्टरला?

मी मॅडमचा नंबर पाठवलाय. जाताना तिने आधीचे सोनोग्राफीचे रिपोर्ट न्यावेत एवढंच सांगितलं.