गरम घाणा

छोटं गाव बघायला निघालेली माणसं स्थळांची यादी अगदी नीट करतात आणि खाण्याचं मात्र ‘वाटेत बघू’ म्हणून सोडून देतात. खरं तर उलट हवं. जुनी इमारत दुपारीही तिथेच असते, गरम घाणा नसतो.

म्हणून पोचल्या पोचल्या बाजारातून एक रिकामी चक्कर मारावी. काही न खाता! अवघड आहे, पण तेवढ्यात कुठे गिऱ्हाईक थांबतंय आणि कुठला माल परातीत निवत पडलाय ते कळतं.

कढईपाशी मात्र जरा रेंगाळावं. पिठाचा थेंब तळाशी जाऊन लगेच वर आला, भोवती बारीक बुडबुडे उठले, की तेल तयार, साधारण 170 ते 190 अंश. थेंब खालीच बसून राहिला तर तेल थंड आणि घास तेलकट. गर्दीच्या वेळी घाईने एकदम जास्त माल सोडला की तेल असंच निवतं, त्यामुळे ‘गर्दी तिथे चव’ हा नियम अधूनमधून फसतो. तेल काळपट, दाटसर झालेलं असेल आणि माल काढल्यावरही फेस बसत नसेल, तर गुपचूप पुढे सरकावं.

तळलेलं बांधून घेतलं तर पुडीचं तोंड उघडं ठेवा. कोंडलेल्या वाफेचं पाणी होतं आणि कुरकुरीतपणा तिथेच संपतो. तासन्‌तास बाहेर राहिलेला भात वाफाळता दिसला तरी नको. त्यात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियस या जिवाणूचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही.

दोन खाण्यांच्या मधली वेळ इमारतींची. पूर्वेकडे तोंड असलेली भिंत सकाळी बघावी, पण अगदी सूर्योदयाला नव्हे. ऊन थेट समोरून आलं की सावल्या पडत नाहीत, नक्षी सपाट दिसते. ते जरा तिरपं झालं की प्रत्येक पाकळीला कड येते. पश्चिमेची भिंत दुपार कलल्यावर.

आणि हो, चौघांत एकच प्लेट घ्यावी. पहिल्याच टपरीवर पोट भरलं तर उरलेला बाजार नुसता वासावर काढावा लागतो.

संध्याकाळच्या फेरीत एक डोळा उघडा ठेवायचा. सकाळचा उरलेला माल पुन्हा तेलात बुडवून ताजा म्हणून समोर येतो. रंगाने गडद, कडेला टणक. मोडून बघा: बाहेरून चटका बसतो, आतून वाफ निघत नाही.