मुंगळ्यांची जागल

झाडाचा रस पिणारी बारकी कीड, म्हणजे मावा, दिसला की आमच्या गावात माणूस पाठीवरचा पंप शोधतो, मी मोबाइल शोधते. पुतण्यानं त्याला अडकवायचं बारकं भिंग आणून दिलंय, त्यातून मोहरीएवढी वस्तू स्क्रीनभर दिसते. सासूबाई विचारतात, "काय व, मुंगळे मोजून राह्यली का?" मोजत नाही, पण न्हाणीच्या मागं तासभर उकिडवी बसते हे खरं.

तिथं बरबटीचा, म्हणजे चवळीचा, वेल आहे, पऱ्हाटीच्या काड्यांवर चढवलेला. पोळ्यानंतर उघाड पडली की कोवळ्या शेंड्यांना आणि शेंगांच्या देठांना चकचकीत काळा मावा लागतो. त्याच्यामागोमाग मोठे काळे मुंगळे. मुंगळा माव्याच्या पाठीवर मिशा टपटप मारतो, मावा मागून पाण्यासारखा एक थेंब सोडतो, मुंगळा तो पितो आणि पुढच्याकडं वळतो. झाडाच्या रसात साखर भाराभर असते, माव्याला तेवढी नको असते. प्यायला कोणी नसलं तर तीच पानांवर पडून चिकटा होतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. या गोडाच्या बदल्यात मुंगळे जागल करतात, आपण रानडुकरांसाठी वावरात करतो तशी. मावा खाणारा ढालकिडा आला की ढोसून खाली पाडतात.

खरी भानगड एका गांधीलमाशीची आहे. दोन मिलिमीटरच्या आसपासची, माणसाला काही न करणारी. माव्यापुढं उभी राहते, पोट स्वतःच्या पायांमधून पुढं काढते आणि टोचते. अंडं आत. आपल्या देशात बरबटीच्या माव्यावर बायनोडॉक्सिस इंडिकस येते. जुन्या पुस्तकांत तिचं नाव ट्रायॉक्सिस इंडिकस. तिच्या पोटाच्या टोकाखाली मावा धरायला दोन वाकडे आकडे असतात. फोटोत ते काही सापडत नाहीत, इतकं झटपट उरकते बया.

टोचलेला मावा काही दिवस रस पीत राहतो, आतली अळी त्याला खात राहते. शेवटी ती त्याला पानाला चिकटवून टाकते आणि कोश विणते. मावा फुगून वाळल्या गवताच्या रंगाचा होतो; याला ममी म्हणतात. मग एक दिवस पाठीमागं गोल झाकण कापून माशी बाहेर पडते. झाकण कधी कधी एका कडेला लटकत राहतं. तो फोटो मात्र मला मिळालाय, सगळ्यांना दाखवून झालाय.

माझ्या वेलावर मुंगळा धावून आला की माशी उडते, परत येते, पुन्हा उडते. युरोपातली लायसिफ्लेबस कार्डुई ही अशीच माव्यात अंडी घालणारी माशी, पण ती असली पळापळ करत नाही. ती मुंग्यांच्या मधोमध फिरत अंडी घालते. मुंगी मिशांनी चाचपते आणि सोडून देते, कारण या माशीच्या अंगावरचं मेण माव्याच्या मेणाशी जुळतं. फोल्क्ल नावाच्या जर्मन अभ्यासकानं 1992 मध्ये याच्यापुढची गोष्ट मांडली. ममीतल्या अळीवरही अंडी घालणाऱ्या आणखी बारक्या माश्या असतात. मुंग्या पहाऱ्याला असल्या की त्यांना हाकलतात, म्हणून या माशीची पिल्लं जास्त वाचतात. म्हणजे जागल धन्याची आणि सांभाळली चोराची पोरं! पॅरालिप्सिस एनर्विस तर त्याहून वरचढ. ती मुळांवरच्या माव्याची माशी. मुंगीच्या तोंडाशी जाऊन घास मागते आणि मुंगी तिला भरवते. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "असे पाहुणे आपल्याकडंबी येऊन गेले, बाई."

फवारणीवर मी कोणाशी भांडत नाही. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते कोणी विसरलेलं नाही. मी एवढंच सांगते की पंप भरायच्या आधी पान उलटं करून पाहा. फुगलेले, पिवळट मावे बरेच दिसले, तर तिथं काम आधीच सुरू झालंय.

तसली पानं मी काचेच्या बरणीत टाकते आणि तोंडाला मलमलीचं फडकं बांधते. माश्या निघाल्या की वावरात पऱ्हाटीजवळ सोडते, कारण कपाशीचा मावाही बायनोडॉक्सिसला चालतो. कधी बरणीत हिरवट काळी, धातूसारखी चमकणारी माशीही निघते. ती ममीतली अळी फस्त करणाऱ्या त्या बारक्या माश्यांपैकी. ती बरणी मी उघडत नाही.