केळीची फणी, रोबोटचा हात आणि व्हीआर: माझा अनुभव

जळगावला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आमच्या गटाने प्रोजेक्ट घेतला: डोळ्यांवर क्वेस्ट २ हा व्हीआरचा (आभासी दृश्य दाखवणारा) हेडसेट चढवायचा, हातातल्या कंट्रोलरने सहा सांध्यांचा रोबोटिक आर्म चालवायचा आणि केळीची फणी उचलून क्रेटमध्ये ठेवायची. आर्म हलायला लागला तेव्हा सगळ्यांना वाटलं, झालं काम. खरं काम तिथूनच सुरू झालं.

हेडसेटमधलं दृश्य बनवणाऱ्या युनिटी या सॉफ्टवेअरमध्ये वरची दिशा म्हणजे वाय, तर रोबोट चालवणाऱ्या रॉस या सॉफ्टवेअरमध्ये झेड. शिवाय एकाची अक्षमांडणी डावी, दुसऱ्याची उजवी. हे रूपांतर आम्ही नीट केलं होतं. तरी शिरपूरकडच्या, केळी पॅकिंग करणाऱ्या काकांनी हेडसेट लावताच विचारलं, "भाऊ, हाऊ उलटा का जास?" (हा उलटा का जातो?) ते आर्मच्या समोर उभे होते आणि हालचाल मोजली जात होती आर्मच्या बैठकीपासून. त्यांचं डावं ते आर्मचं उजवं. मग दिशा बघणाऱ्याच्या नजरेप्रमाणे फिरवून घेतल्या. त्यानंतर काकांना काहीच सांगावं लागलं नाही.

पुढे क्लच. ग्रिपचं बटण दाबलेलं असेपर्यंतच आर्म हाताबरोबर चालतो. सोडलं की थांबतो. माउस टेबलावरून उचलून पुन्हा ठेवावा, तसा हात आरामात मागे आणता येतो. क्रेटजवळ गेल्यावर हाताच्या हालचालीच्या निम्मीच हालचाल आर्मला दिली, त्याने फणी ठेवताना नेम बसला.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला उशिराने. हात आधी जातो, आर्म मागून. असा उशीर असला की माणूस थोडं हलवतो, थांबतो, बघतो, पुन्हा हलवतो. संशोधक विल्यम फेरेल यांनी १९६५ सालीच हे नोंदवलंय. काकाही अगदी तसंच करत होते. म्हणून आम्ही पारदर्शक 'सावली-आर्म' काढला: तो हाताबरोबर लगेच जातो, खरा आर्म त्याला गाठतो. आर्म पूर्ण ताणला जाऊन सांधे अचानक गरगर फिरायच्या बेतात असले, की सावली लाल होते. माझ्या मते या एका सोयीने बाकी सगळ्यांपेक्षा जास्त फरक पडला.

कॅमेरा मान वळेल तसा वळवून पाहिला, पण चित्र मागे राहायचं आणि मळमळायचं. शेवटी डेप्थ कॅमेरा, म्हणजे वस्तूचं अंतरही मोजणारा कॅमेरा, एका जागी पक्का केला. त्याच्या बिंदूंचं त्रिमितीय चित्र हेडसेटमध्येच फिरतं, त्यामुळे मान वळवली तरी दृश्य अडखळत नाही.

पकडीचं काम काकांनीच शिकवलं. हिरव्या फणीवरचा दाब त्या वेळी दिसत नाही. केळी पिकली की तिथेच काळा डाग पडतो आणि भाव जातो. म्हणून पकडीच्या मोटरचा करंट वाढेल तसा कंट्रोलर थरथरतो. काकांनी पहिल्यांदा ती थरथर जाणवताच बोट आपोआप सैल केलं.

मनगट फिरवणं अजून सोपं झालेलं नाही. घडापासून फणी कापताना माणूस मनगट ज्या सहजतेने वळवतो, तिथे आमच्या आर्मचा शेवटचा सांधा मर्यादेला अडतो. सध्या त्यावरच काम चालू आहे.