म्यूरेनला राहायचं तर दोन रात्री राहा

स्वित्झर्लंडला गेलेली आपली बहुतेक मंडळी इंटरलाकेनला उतरतात, युंगफ्राउयोख ही रेल्वेने गाठायची बर्फातली खिंड उरकतात आणि पुढची गाडी पकडतात. त्याच भागात, लाउटरब्रुनेनच्या दरीवरच्या कड्यावर, १,६३८ मीटर उंचीवर म्यूरेन आहे. माथेरानसारखंच मोटारींना बंद. समोर आयगर, म्योन्श आणि युंगफ्राउ ओळीने उभे. मुक्काम मात्र दोन रात्रींचा हवा. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग चढतात आणि तिन्ही शिखरं गायब होतात. स्वच्छ सकाळ मिळण्याची संधी दोनदा तरी हातात असावी.

इंटरलाकेन ओस्टहून लाउटरब्रुनेन २० मिनिटांवर. पण ती गाडी त्स्वाइल्युत्शिनेनला तुटते: काही डबे लाउटरब्रुनेनला, बाकीचे ग्रिंडेलवाल्डला. चढण्याआधी डब्यावरची पाटी वाचा. चुकीच्या डब्यात बसणारे रोज सापडतात. लाउटरब्रुनेन स्टेशनासमोरूनच ग्रुच्चाल्पचा रोपवे, वर पोचल्यावर म्यूरेनची छोटी गाडी. इथवर स्विस ट्रॅव्हल पास चालतो, पुढे शिल्टहॉर्नला (२,९७० मीटर) जादा तिकीट काढावं लागतं. ते काढण्याआधी शिखरावरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघा. वसंतात आणि नोव्हेंबरात रोपवे दुरुस्तीसाठी बंद असू शकतात, बरीच हॉटेलंही कुलपात.

परतताना छोटी गाडी सोडा आणि म्यूरेन ते ग्रुच्चाल्प चाला. दीड तासाची वाट, जवळजवळ सपाट, आणि शिखरं सतत नजरेसमोर. खालच्या गिमेलवाल्ड गावात उतरायला पाऊणएक तास पुरतो, पण येताना तीच वाट सगळी चढाची.

आता खाणं, कारण घोटाळा इथेच होतो. रोश्टी म्हणजे उकडून गार केलेले बटाटे किसून लोण्यात दोन्ही बाजूंनी खरपूस केलेली जाड पोळी. बटाटे आदल्या दिवशी उकडलेले नसतील तर कीस चिकट होतो. पण आपण बर्न प्रांतात आहोत, आणि इथल्या रोश्टीत बहुधा ‘श्पेक’ असतं, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस. ‘ओने श्पेक’, म्हणजे श्पेक नको, एवढं सांगायला शिकाच. आल्प्लरमाग्रोनेन हा मॅकरोनी, बटाटे, चीज आणि साय यांचा प्रकार, वर तळलेला कांदा, सोबत सफरचंदाचा गोडसर लगदा. ऐकायला विचित्र, खायला फक्कड. त्यातही श्पेक असू शकतं, विचारा.

फाँड्यू म्हणजे वितळवलेलं चीज, पाव बुडवून खायचं. त्यात वाइन असतेच, बऱ्याचदा किर्श ही चेरीची दारूही. माणशी साधारण २०० ग्रॅम चीज लागतं. ते उकळू द्यायचं नाही, नाहीतर तूप वेगळं सुटतं आणि खाली गोळा बसतो. काट्याला पाव टोचून तळापासून ढवळत राहायचं. तळाशी जमलेली खरपूस खरवड शेवटी वाटून खातात. कट्टर शाकाहाऱ्यांसाठी एक गोष्ट: इथलं पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या विरजणावर लागतं.

घरी न्यायला होबेलकेझ घ्या. किमान दीड वर्ष मुरवलेलं डोंगरी चीज, रंध्यासारख्या पात्यावर पातळ तासून गुंडाळ्या करून खातात. हे दूध उन्हाळ्यात वरच्या कुरणांत चरणाऱ्या गाईंचं. थुनच्या तळ्याजवळच्या युस्टिसटालमध्ये सप्टेंबरात उन्हाळाभराचं चीज गाईवाल्यांत दुधाच्या हिशेबाने वाटतात. ढिगाऱ्यांच्या चिठ्ठ्या टाकतात आणि मग फुलांनी सजवलेल्या गाई खाली उतरतात.

कुरणातून जाताना फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या, आणि वासरू जवळ असलेल्या गाईपासून लांबून जा. वाटेत कुणी भेटलं तर ‘ग्रुएसेख’ म्हणा, म्हणजे नमस्कार. झुरिकचं ‘ग्रुएत्सी’ इथे परकं वाटतं.