निळी फाइल परत मिळाली

सासर सोडलं तेव्हा नेसत्या साडीनिशी निघाले होते. कपाट, भांडी, लग्नातलं गंठण मागे राहिलं. त्याचं वाईट वाटत होतंच, पण खरा जीव अडकला होता एका निळ्या रेक्झिनच्या फाइलमध्ये. माझी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या, तिन्ही वर्षांची गुणपत्रकं, परिचर्या परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र, दहावी-बारावीचे कागद, जातीचा दाखला, सगळं तिच्यात. माहेरी आल्यावर महिन्याभरातच एका दवाखान्यात काम मिळत होतं. मुलाखत चांगली झाली, मग मूळ कागदपत्रं मागितली, आणि मी तशीच परत आले.

आधी गावात नात्यातल्या माणसांची बैठक झाली. सासूबाई म्हणाल्या, "आधी नांदायला ये, मग कागदं काय अन् सोनं काय, सगळं तुझंच आहे." तेव्हा कळलं की फाइल मुद्दाम ठेवून घेतली आहे. पोलीस ठाण्यात दोन खेपा घातल्या. "घरगुती मामला आहे, मिटवून घ्या," एवढंच ऐकायला मिळालं. तिसऱ्या खेपेला आप्पा सोबत आले तेव्हा अदखलपात्र नोंद झाली, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत अशी. तिची प्रत हातात आली आणि पुढे काहीच हललं नाही.

राज्य महिला आयोगाकडे लिही, हे मला समुपदेशन केंद्रातल्या ताईंनी सुचवलं. मला वाटायचं, आयोग म्हणजे टीव्हीवर येतात तसल्या मोठ्या प्रकरणांसाठी. माझ्या फाइलसाठी मुंबईत कोण बसलंय? त्या म्हणाल्या, "तुझ्यासारख्यांसाठीच बसलेत." मी रात्रभर जागून चार पानी अर्ज लिहिला. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि विचारलं, "यात तुझं दुःख सगळं आलंय गं. पण तुला हवंय काय, ते कुठे लिहिलंयस?"

खरंच कुठे लिहिलं नव्हतं. दुसऱ्यांदा लिहिला तो दीड पानात बसला. लग्नाची तारीख, कधी काय घडलं ते तारखेप्रमाणे, सासरच्यांची नावं-पत्ते, ठाण्यातल्या नोंदीचा क्रमांक, आणि शेवटी मागणी: माझी मूळ कागदपत्रं द्या, स्त्रीधन द्या, पोलिसांना कारवाई करायला सांगा. फोनमध्ये गुणपत्रकांचे जुने फोटो सापडले, त्यांच्या प्रती जोडल्या. हे फोटो पुढे फार कामाला आले. कोणी अर्ज करणार असाल तर कळकळीने सांगते, मागणी स्पष्ट लिहा आणि जे कागद हाताशी असतील त्यांची प्रत जोडा. साध्या कागदावर अर्ज चालतो. शुल्क नाही, वकीलही लागत नाही. वांद्र्याच्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवला आणि पावती आईच्या देवघरात ठेवली.

काही आठवड्यांनी फोन आला, त्याच ठाण्यातून. "मॅडम, आयोगाचं पत्र आलंय, जबाब द्यायला या." आयोगाने त्यांच्याकडे अहवाल मागवला होता. आतापर्यंत मीच खेपा घालत होते, पहिल्यांदा त्यांनी मला बोलावलं. बसायला खुर्ची दिली, जबाब नीट लिहून घेतला, वाचून दाखवला.

नंतर सोलापूरला आयोगाची जनसुनावणी लागली. 'महिला आयोग आपल्या दारी' म्हणून आयोग जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन तक्रारी ऐकतो, आधी अर्ज केला नसला तरी तिथे जाऊन तक्रार देता येते. आम्ही सांगोल्याहून सकाळची पहिली एसटी धरली. रांगेत माझ्या पुढे एक बाई होत्या, कडेवर लहान मूल. त्यांचं प्रकरण आधीच कौटुंबिक न्यायालयात चालू होतं. तिथल्यांनी समजावलं की न्यायालयात असलेल्या गोष्टीत आयोग हात घालत नाही, आणि त्यांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकांकडे नेलं. आयोग घटस्फोट देत नाही, पोटगी ठरवत नाही, शिक्षा करत नाही. 1993 च्या कायद्याने त्याला चौकशीसाठी माणसांना बोलावण्याचे, कागद मागवण्याचे अधिकार आहेत, आणि शासनाला शिफारस करता येते. वाचताना हे थोडं वाटतं. मला नेमकं तेवढंच हवं होतं.

टेबलापाशी एक वकीलबाई, महिला पोलीस अधिकारी, समुपदेशक आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकारी बसल्या होत्या. सासरचे समोर आले. पण वकीलबाईंनी आधी त्यांना बाहेर थांबवलं आणि मला एकटीला विचारलं, "तुम्हाला परत नांदायला जायचंय का?" गावच्या बैठकीत हाच प्रश्न वीस माणसांसमोर विचारला होता आणि मी मान खाली घालून बसले होते. इथे मी स्पष्ट नाही म्हणाले. हा प्रश्न एकांतातच विचारला पाहिजे, सगळीकडे.

मग नवऱ्याला आणि सासूबाईंना आत बोलावलं. तो म्हणाला, कागद हरवले.

"हरवल्याची तक्रार दिलीत?"

"नाही."

"मग हरवले कधी?"

तो आईकडे बघायला लागला. पोलीस अधिकाऱ्यांनी मी जोडलेले फोटो त्याच्यासमोर ठेवले. जरा वेळाने म्हणाला, "शोधून बघतो."

"किती दिवस लागतील?"

"आठ."

तसं लिहिलं गेलं, दोघांच्या सह्या झाल्या.

सहाव्या दिवशी फाइल ठाण्यात जमा झाली. मी एकेक कागद यादीशी ताडून घेतला. जातीच्या दाखल्याला मधोमध घडी पडली होती, बाकी सगळं जसंच्या तसं. आणि फाइलला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. कपाटात खालच्या कप्प्यात, साड्यांच्या गठ्ठ्याखाली मीच ती ठेवली होती. ती तिथून कधी हललीच नव्हती.

गंठणाचं मात्र तिथे मिटलं नाही. गहाण टाकलंय म्हणाले, गहाणाचा कागद दाखवला नाही. वकीलबाईंनी सरळ सांगितलं की यासाठी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली न्यायालयात अर्ज करावा लागेल. संरक्षण अधिकाऱ्यांनी घटनेचा अहवाल भरायला मदत केली, स्त्रीधनाची यादी माझ्याकडून आठवून आठवून लिहून घेतली, अगदी पितळी घागरीपर्यंत. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळाला. बाईचं उत्पन्न कितीही असो, हा वकील तिला मिळतो, हे मलाही तोवर माहीत नव्हतं.

पहिल्या दवाखान्यातली जागा तोवर भरली होती. दुसरीकडे लागले. रुजू होताना कारकुनाने मूळ कागद मागितले तेव्हा मी निळी फाइल तशीच त्याच्यासमोर उघडून ठेवली. सध्या रात्रपाळी आहे. गंठणाची पुढची तारीख मंगळवारी आहे, पाळी संपवून तशीच कोर्टात जाणार आहे.