तोलेदो : माद्रिदहून अर्ध्या दिवसात उरकू नये असं गाव

स्पेनमध्ये माद्रिदला येणारे आपले बरेच लोक तोलेदो ‘सकाळी जाऊन दुपारी परत’ या हिशेबात बसवतात. टूरवाल्यांची बसही तेच करते. नदीपलीकडून फोटो, तलवारींच्या दुकानात पाऊण तास, कॅथेड्रलला बाहेरून प्रदक्षिणा, की झालं तोलेदो. असं बघणार असाल तर न गेलेलंच बरं. चित्रकला आणि जुन्या इमारती यांची जराही आवड असेल, तर किमान एक रात्र तिथे मुक्काम ठेवा. कारण साधं आहे. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात एल ग्रेको या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराची चित्रं ढिगाने आहेत, पण ती ठिकठिकाणच्या भिंतींवरून उतरवून आणलेली. तोलेदोत त्याची दोन सर्वांत मोठी कामं ज्या जागेसाठी काढली तिथेच, 400 हून जास्त वर्षं आहेत. चित्रासमोर उभं राहिलं की ते एवढं मोठं का, वरचा भाग तसा का, हे आपोआप कळतं.

आम्ही नवरा-बायको आणि सोबत सासूबाई. त्यांचे गुडघे बोलतात, त्यामुळे चढ-उताराबद्दल खाली जे लिहिलंय ते अनुभवाचं आहे.

जायचं कसं : माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून जलद गाडी 35 मिनिटांच्या आत तोलेदोला पोचवते. जागा राखीव असतात, आणि शनिवार-रविवारी परतीच्या संध्याकाळच्या गाड्या आधीच भरतात, म्हणून जाण्या-येण्याचं तिकीट एकदमच काढा. आतोचाला गाडीत चढण्यापूर्वी सामान स्कॅन होतं, तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं हातात ठेवून पोचा. बस स्वस्त पडते, प्लासा एलीप्तिका इथून सुटते, पण तासभर तरी घेते. तोलेदोचं स्टेशन बघायला दहा मिनिटं थांबाच. नालाच्या आकाराच्या कमानी, विटांची नक्षी, रंगीत काचा पाहून वाटतं चौदाव्या शतकातलं असेल; आहे 1919 सालचं. जुन्या मुदेखार शैलीची ही हौसेने केलेली नक्कल. अस्सल काय ते वर गावात बघायचंय, पण ही नक्कल डोळ्यांची चांगली तयारी करून घेते.

मुदेखार म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय हे गाव उलगडत नाही. 1085 मध्ये राजा सहावा आल्फोन्सो याने तोलेदो मुसलमान राज्यकर्त्यांकडून घेतलं. राज्य बदललं, पण गवंडी, सुतार, गिलाव्यात नक्षी काढणारे कारागीर तेच राहिले. पुढची कित्येक शतकं चर्च बांधा की सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनागृह), हात याच परंपरेतले. तीच मुदेखार शैली. म्हणून इथे चर्चच्या मनोऱ्यावर मशिदीच्या कमानी दिसतात आणि सिनेगॉगच्या भिंतीवर हिब्रू अक्षरांशेजारी अरबी.

याची सुरुवात बघायची तर क्रिस्तो दे ला लूस ही मशीद. आकाराने इतकी लहान, की बाहेरून बघून ‘एवढीच?’ असं आम्ही तिघंही म्हणालो. दर्शनी भिंतीवर विटांनीच लिहिलेला अरबी लेख आहे, त्यात बांधकामाचं साल येतं : आपल्या हिशेबाने 999 किंवा 1000. आत चार खांब, नऊ चौक, आणि नऊही चौकांवरचं छत वेगळं. एकाच्या फासळ्या चौकटीत गुंफलेल्या, एकाच्या चांदणीसारख्या, एकाच्या नुसत्याच एकमेकींना छेदणाऱ्या. मान वर करून एकेक छत नीट बघा, घाईतली माणसं तीन मिनिटांत बाहेर पडतात. खांबांचे माथे तर आणखी जुने, मुसलमानांच्या आधी इथे राज्य करणाऱ्या व्हिसिगॉथांच्या काळातल्या इमारतींचे काढून आणलेले. पुढे बाराव्या शतकात पूर्वेला चर्चचा अर्धगोल भाग जोडला, तोही तशाच विटांत. सांधा शोधावा लागतो.

ज्यूंची वस्ती गावाच्या पश्चिम टोकाला होती. तिथे दोन सिनेगॉग उरले आहेत आणि दोन्ही बघावेत. सांता मारिया ला ब्लांका हा जुना. आत पांढऱ्या अष्टकोनी खांबांच्या रांगा, वर नालाकृती कमानी, खांबांच्या माथ्यांवर पाइनच्या फळांची नक्षी. ज्यूंनी बांधलेलं, मशिदीसारखं दिसणारं आणि कुमारी मेरीच्या नावाने ओळखलं जाणारं! दुसरा, त्रान्सितो, सामुएल हा-लेवी या राजाच्या खजिनदाराने 1357 च्या सुमारास बांधला. बाहेरून गोदामासारखा, आत गेल्यावर मात्र भिंतींच्या वरच्या पट्ट्यात इतकं बारीक काम, की लाकडी छतापर्यंत नजर पोचायला वेळ लागतो. राजा पेद्रोची स्तुती आणि कास्तीलची राजचिन्हं त्या नक्षीत गुंफलेली आहेत. याच राजाने काही वर्षांत सामुएलला कैद केलं आणि तो छळात मेला. 1492 मध्ये तर सगळ्याच ज्यूंना स्पेन सोडावं लागलं. आता तिथे सेफार्दी, म्हणजे स्पेनच्या ज्यूंचं, संग्रहालय आहे, वरच्या बायकांच्या सज्जातून भिंतीची नक्षी जवळून दिसते. तेवढ्यासाठी जिना चढा.

आता सांतो तोमे हे चर्च. एकच चित्र बघायला तिकीट काढायचं, आणि ते वसूल होतं. ‘ओर्गासच्या सरदाराचं दफन’ : उंची 4.8 मीटर, रुंदी 3.6 मीटर. दहा वाजता दार उघडतं तेव्हा दारातच उभे राहा. अकरानंतर गटांमागून गट येतात आणि गाइडांच्या झेंड्यांमधून चित्र बघावं लागतं. फोटोला मनाई आहे, ते एका परीने बरंच.

चित्रामागची गोष्ट आधी माहीत असेल तर मजा दुप्पट. हा सरदार 1323 मध्ये वारला. त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, की ओर्गास गावाने या चर्चला दरवर्षी दोन मेंढे, सोळा कोंबड्या, दारूच्या दोन पखाली, दोन ओझी सरपण आणि 800 माराव्हेदी रोख द्यावेत. गावाने 1564 मध्ये देणं थांबवलं. इथल्या पाद्रीबुवांनी, आंद्रेस नून्येस यांनी, कोर्टात दावा लावला आणि जिंकला. त्यानंतर सरदाराचं स्मरण म्हणून 1586 मध्ये हे चित्र एल ग्रेकोला सांगितलं. सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे आपल्या देवस्थानच्या इनामासारखंच की! आणि कूळ वसूल द्यायला तयार नाही, तेही तसंच.”

आख्यायिका अशी, की दफनाच्या वेळी संत स्टीफन आणि संत ऑगस्टीन स्वतः स्वर्गातून उतरले आणि त्यांनी देह कबरीत ठेवला. चित्र बघताना आधी खालचा अर्धा भाग घ्या. सरदाराच्या काळ्या चिलखतावर संताच्या भरजरी वस्त्राचं प्रतिबिंब पडलंय. स्टीफनच्या झग्यावर, खालच्या काठाला, त्याला दगडांनी मारल्याचा प्रसंग भरतकामासारखा रंगवलाय; चित्रातलं हे चित्र दुरून निसटतं. उजवीकडे पाठमोरा पाद्री आहे, त्याच्या अंगावरचा पांढरा पारदर्शक सदरा बघा. खालचा काळा झगा त्यातून जसा दिसतो, तसा कापड हातात धरूनही दिसणार नाही. डावीकडे मशाल धरलेला पोरगा बोट दाखवतोय, तो चित्रकाराचा मुलगा होर्खे मानुएल. त्याच्या खिशातल्या रुमालावर ग्रीक लिपीत सही आणि 1578 हे साल, मुलाच्या जन्माचं. मागे उभी असलेली मंडळी चित्रकाराच्या काळातले तोलेदोचे प्रतिष्ठित. त्यानंतर वर बघा. देवदूत तान्ह्या बाळाएवढा धूसर आत्मा ढगांच्या अरुंद वाटेतून वर नेतोय. चित्र पूर्ण झाल्यावर मोल 1,200 डुकाट ठरलं. पाद्रीबुवांना ते फार वाटलं, फेरमूल्यांकन झालं तर आकडा 1,600 वर गेला! शेवटी चित्रकाराने 1,200 वरच समाधान मानलं.

पैशांवरून भांडण त्याचं कॅथेड्रलशीही झालं होतं. तिथल्या सॅक्रिस्टी नावाच्या खोलीत ‘एल एक्स्पोलियो’ आहे, ख्रिस्ताची वस्त्रं उतरवण्याचा क्षण. मधोमध लालभडक झगा, भोवती माणसांची दाटी. चर्चवाल्यांचा आक्षेप असा, की गर्दीतली डोकी ख्रिस्ताच्या डोक्याच्या वर कशी, आणि कोपऱ्यात मेरी नावाच्या तिघी बायका कशाला. चित्रकाराने एकही गोष्ट बदलली नाही. त्याच्या बाजूने 900 डुकाटांचं मूल्यांकन होतं, हाती पडले 350. पाद्री मंडळी ज्या खोलीत स्वतः पूजेची वस्त्रं चढवत, तिथेच हे चित्र लावलंय, हे लक्षात ठेवून बघा.

कॅथेड्रलला अडीच-तीन तास द्या. तिकीट 12 युरोच्या आसपास, ऑडिओ गाइड घ्या. 1226 मध्ये पाया घातला, 1493 मध्ये पूर्ण झालं, म्हणून एकाच इमारतीत सगळ्या शैली भेटतात. गाभ्याच्या मागे ‘त्रान्सपारेन्ते’ आहे. नार्सिसो तोमेने 1732 मध्ये पूर्ण केलेला, संगमरवर, कांस्य आणि ढगांचा अक्षरशः धबधबा. काहींना तो भडक वाटतो, मलाही वाटला. पण त्याच्याकडे पाठ करून वर बघितल्यावर मत बदललं. वेदीवर उजेड पडावा म्हणून या माणसाने गॉथिक छताला सरळ भोक पाडलंय आणि त्याच्या काठावर देवदूत बसवलेत. कोयरमधल्या, म्हणजे प्रार्थना गाणाऱ्यांच्या जागेतल्या, खालच्या बाकांवर ग्रानादाचं मुसलमान राज्य जिंकल्याच्या लढाईचे 54 लाकडी देखावे आहेत, तटबंद्या, तोफा, किल्ल्या सुपूर्द करणारे; चालतच पुढे गेलात तर हुकतील. छतावरून धुळकट लाल हॅट लोंबताना दिसतात, त्या खाली पुरलेल्या कार्डिनलांच्या. खजिन्यात एन्रिके दे आर्फेने 1524 पर्यंत घडवलेली सोन्या-चांदीची कुस्तोदिया (पवित्र प्रसादाची पोळी ठेवायचा मखर) आहे, ती कोर्पुस क्रिस्ती या सणाच्या मिरवणुकीत गावातून फिरते. त्या दिवसांत, मे-जूनमध्ये, गल्ल्यांवर कापडी छतं ताणलेली असतात. सजावट बघायला सुंदर, पण राहायला जागा महिनोन्‌महिने आधी बघावी लागते.

एल ग्रेको संग्रहालय हे त्याचं खरं घर नव्हे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सजवलेली जागा आहे. तरी ‘तोलेदोचं दृश्य आणि नकाशा’ या चित्रासाठी आत जा. तावेरा इस्पितळ मूळ जागी काढलं तर बिसाग्रा वेस झाकली जाईल, म्हणून त्याने ते उचलून ढगावर ठेवलं आणि तसा खुलासा चित्रातच लिहून टाकला.

हे सगळं एवढं टिकलं कसं? दुसऱ्या फिलिपने 1561 मध्ये दरबार माद्रिदला हलवला. पुढे गाव मागे पडत गेलं आणि पाडून नवीन बांधायला फारसं कुणी उरलं नाही.

चालण्याविषयी. गाव टेकडीवर, तिन्ही बाजूंनी ताखो नदी, रस्ते गोट्यांचे. चाकांची मोठी बॅग आणू नका. माद्रिदच्या हॉटेलात ठेवून पाठीवरची पिशवी आणा. स्टेशनवरून वर चालत यायचं तर अल्कांतारा पुलावरून या, वाट देखणी आहे, पण सासूबाईंसाठी आम्ही सिटी बस पकडली. उत्तरेकडून, बिसाग्रा वेशीजवळून आणि बस स्टँडच्या बाजूने, डोंगरात सरकते जिने बसवलेत. फुकट आहेत, नकाशात आधी खूण करून ठेवा. गल्ल्यांत फोनचा नकाशा गोंधळतो. नदीपलीकडच्या मिरादोर देल व्हाये या सज्जावरून अख्खं गाव दिसतं. सोकोदोवेर चौकातून सुटणारी पर्यटकांची छोटी गाडी तिकडे नेते, थोडी पोरकट आहे, पण गुडघ्यांना सोयीची. उजव्या बाजूला बसा, गाव त्या अंगाला राहतं. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 40 ला टेकतो, एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा.

शाकाहाऱ्यांनो, इथलं खाणं शिकारीचं आणि डुकराचं. ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हटल्यावर सुद्धा हॅम किंवा ट्यूना येऊ शकतो, म्हणून ‘सिन हामोन, सिन आतून’ हे वेगळं सांगा. पिस्तो मांचेगो ही ढोबळी मिरची, टोमॅटो, झुकिनीची भाजी बहुतेक ठिकाणी मिळते, वर अंडं असतं. नको असेल तर ‘सिन ऊएवो’. जेवण दुपारी दीडच्या आधी कुठेच नाही, आणि दोन ते पाच दुकानं बंद. बदाम-साखरेचं मासापान घ्याच. काही मठांत जोगिणींनी केलेलं मिळतं.

तलवारींच्या दुकानांत आपल्याकडचे पुरुष रेंगाळतात. मराठ्यांच्या फिरंग तलवारींना युरोपी पाती असत, त्यामुळे कुतूहल साहजिकच. पण परतीच्या स्टेशनवरचं स्कॅनर आणि पुढे विमानतळ लक्षात ठेवा. त्यापेक्षा पोलादावर सोन्याच्या तारेचं काम करणाऱ्या कारागिराचं दुकान शोधा. पृष्ठभागावर बारीक ओरखडे काढून तो तार ठोकत बसवतो, मग पोलाद काळं करतो. समोर बसून काम करत असेल तिथूनच लहान पदक घ्या, बाकी बराच माल यंत्राचा असतो.

वार निवडताना एवढं बघा : त्रान्सितो आणि एल ग्रेको संग्रहालय सोमवारी बंद, शनिवारी दुपारी दोननंतर आणि रविवारी सकाळी मोफत. कॅथेड्रल रविवारी पर्यटकांना दुपारनंतरच. सांतो तोमे, सांता मारिया ला ब्लांका, क्रिस्तो दे ला लूस आणि आणखी चार जागांसाठी मनगटावर बांधायची एकत्र पट्टी मिळते. तीन-चार जागा बघणार असाल तर ती परवडते. त्यातच जेझुइट पंथाच्या चर्चचे मनोरे येतात, जिने बरेच आहेत, पण वरून कॅथेड्रल समोर दिसतं. शनिवारी सकाळी सांतो तोमे, दुपारी मोफत संग्रहालयं, रविवारी सकाळी मशीद आणि मनोरे, आणि जेवून कॅथेड्रल, असा क्रम आम्हाला सर्वांत सोयीचा पडला.