तुम्ही विचारलंत म्हणून: नुसते तुकडेच का विणते

"अगं पण पूर्ण कधी करणार काहीतरी?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदा नीट बसून लिहूनच टाकते. म्हणजे मी रोज विणते, हातात सुया नाहीत असा दिवस जात नाही, आणि तरी अंगात घालावं असं काही माझ्या हातून क्वचितच तयार होतं, तयार होतात ते हातरुमालाएवढे तुकडे. वेणीचा एक, जाळीचा एक, मॉस स्टिच या दाणेदार विणीचा एक, मग तीच वेणी जरा मोठ्या सुईवर परत. खोकं भरलंय. विचारणारे मायेनेच विचारतात हे मला माहितीये, पण त्या मायेत कुठेतरी "वेळ वाया घालवतेस" असतंच आणि ते मला लागतं.

वाया नाहीये हो. स्वॉच, म्हणजे माप घ्यायला विणलेला नमुन्याचा तुकडा, विणणं म्हणजे स्वेटर टाळणं नाही, ते वेगळं काम आहे. मी 40 टाके घालते, दोन्ही कडांचे चार-चार टाके प्रत्येक ओळीत सुलटच विणते, कारण नुसती एक ओळ सुलट एक ओळ उलट केली तर कडा वळतात आणि तुकडा सपाट राहतच नाही, मग मोजणार काय. सुरुवातीच्या एका ओळीत सुईच्या नंबराएवढी छिद्रं पाडते, 4 मिमीची सुई असेल तर चार, म्हणजे कितीही वर्षांनी तुकडा हातात आला तरी कुठल्या सुईचा ते त्याच्यावरच लिहिलेलं. चिठ्ठ्या हरवतात, छिद्रं हरवत नाहीत. मग धुते, स्वेटर जसा धुणार तसाच, पूर्ण वाळू देते आणि मगच मधोमध पट्टी ठेवून 10 सेंमीत किती टाके आणि किती ओळी ते मोजते.

आणि वीण नवी असेल तर एका तुकड्यात भागत नाही. जाळीचंच घ्या. लोकर पुढे घेतली की छिद्र पडतं आणि एक टाका वाढतो, तो दोन टाके एकत्र विणून परत कमी करायचा. दोन टाके सरळ एकत्र विणले की ते उजवीकडे झुकतात, आणि तेच दोन आधी एकेक करून फिरवून घेतले आणि मग मागून एकत्र विणले की डावीकडे. पानाची नक्षी असेल तर एका कडेला हा आणि दुसऱ्या कडेला तो, नाहीतर पान पान दिसत नाही. वाचून मला हे कधी कळलं नाही, हाताला कळलं, तेही नक्षी चौथ्यांदा फिरून आली तेव्हा. तोपर्यंत हात घाबरलेला असतो आणि घाबरलेला हात टाके आवळतो. म्हणून पहिला तुकडा फक्त शिकायला, तो मोजायचाच नाही. दुसरा, हात मोकळा झाल्यावरचा, तो मोजायचा. हे मला कोणी शिकवलेलं नाही, माझं मीच ठरवलंय आणि यावर मी कोणाशीही वाद घालेन.

18व्या-19व्या शतकात जर्मनी-ऑस्ट्रियाकडे मुली लांबच लांब पट्टी विणायच्या, एका खाली एक वेगवेगळ्या विणी, त्या पट्ट्या आज म्युझियममध्ये जपून ठेवल्यात. त्यांनाही कोणी विचारलं असेल का, याचं पुढे काय करणार म्हणून?

पण एक कबूल करते, पूर्वी मीच तुमच्यासारखी बोलायचे. तुकडे विणणारी माणसं बघून मला अधीर व्हायला व्हायचं. "स्वेटर हाच सगळ्यात मोठा तुकडा, चुकला तर उसवू" असं मी ठासून सांगायचे.

ताईसाठी स्वेटर विणायला घेतला तेव्हाही हेच म्हणाले होते. हिशेब साध्या स्वेटरचा होता, 10 सेंमीत 20 टाके, छाती 100 सेंमी, म्हणजे पुढे 100 टाके आणि मागे 100. बरोबरच होता. पण तेव्हा मी नुकतीच वेणी शिकत होते, तीन टाके आखूड सुईवर घेऊन पुढे सोडायचे, त्यांच्या पुढचे तीन विणायचे, मग ते सोडलेले तीन, आणि ती पहिली पिळाची वेणी वर येताना दिसली ना की दुसरं काही विणावंसंच वाटत नाही. तर मी त्या साध्या हिशेबात वेण्या घातल्या, सगळीकडे, पुढे-मागे, सहा टाक्यांची वेणी, दोन उलट, परत वेणी. टाके मात्र तेवढेच ठेवले. वेणीत टाके एकमेकांवर चढतात, कापड आत ओढलं जातं, हे मला तुकडा विणला असता तर एका संध्याकाळीत दिसलं असतं.

आणि आता जे लिहितेय ते कोणाला सांगितलेलं नाही. विणताना कापड सुईवर गोळा झालेलं असतं, रुंदीचा अंदाज येत नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगत आले. ते खरंही आहे. पण बगलेपर्यंत आल्यावर मी एकदा तो पुढचा भाग पलंगावर ताईच्या जुन्या स्वेटरवर पसरून बघितला होता. जुना स्वेटर दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं बाहेर दिसत होता. मला कळलं होतं. धुतल्यावर सैल होईल असं म्हणून मी तो गुंडाळून ठेवला आणि पुढे अजून तीन महिने विणत राहिले.

ताईने घातला तेव्हा घरातले सगळे होते. डोकं गेलं, हात गेले, आणि छातीपाशी येऊन अडकला. तिने दोन्ही हातांनी खाली ओढला, तशा वेण्या ताणून सपाट झाल्या आणि मधले उलट टाके फाकले, आतला कुडता दिसायला लागला. कोणीच काही बोलेना. मग ताईच म्हणाली, "मीच सुटलेय गं फार." आणि हसली.

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. ताई, मी चुकीचा विणलाय. मी बोलले नाही. "असू दे, धुतला की होईल मोठा" एवढंच म्हणाले आणि तो तिच्या अंगातून काढायला मदत केली. नंतर कितीतरी महिने तो तिच्या खोलीत समोर टांगलेला असायचा आणि जेवताना ती मध्येच हात धरायची, "बास, त्यात मावायचंय मला." मी समोर बसलेली असायचे. एकदा ती नसताना मी पट्टी लावली, 10 सेंमीत 24 टाके. 200 टाक्यांचे झाले 83 सेंमी. 17 सेंमी कमी, आणि तिला वाटतंय ती जाड आहे. 240 टाके घालायला हवे होते, बास, एवढंच होतं ते.

सांगितलं मी तिला, पण दोन वर्षांनी. ती म्हणाली, "म्हणजे मी उगाचच?" पुढे काहीच नाही बोलली. दुसऱ्या दिवशी स्वेटर माझ्या पलंगावर घडी करून ठेवलेला होता.

म्हणून तुकडे. पण म्हणून तुकड्याने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही, कारण नाही सुटत. सपाट विणलेला तुकडा आणि गोल सुयांवरचा स्वेटर यांचं माप जुळेलच असं नाही, सपाट विणताना परतीच्या ओळीत उलट टाके येतात आणि माझे उलट टाके सैल पडतात, गोल विणताना सगळं सुलट. शिवाय एवढासा तुकडा हलका असतो, अख्खा स्वेटर स्वतःच्या वजनाने लोंबून लांब होतो, ते चाळीस टाक्यांत कसं दिसणार? म्हणजे स्वेटर हाच मोठा तुकडा म्हणणारी ती आधीची मी अगदीच चूक नव्हती, आणि तिच्याशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. तुम्ही म्हणता भीती वाटते म्हणून तू तुकड्यांतच अडकलीयेस. वाटते ना भीती. पण भीतीबरोबर ती जाळीची पानं पण आहेत, ती मला नुसतीच विणायला आवडतात, कोणाच्या मापाची नसतात म्हणून आवडतात, हे पण तेवढंच खरं आहे.

तो स्वेटर मी उसवला. लोकरीच्या लड्या करून भिजवल्या, वळ्या जाव्यात म्हणून टांगून वाळवल्या. त्याच लोकरीचे तुकडे विणलेत, दोनदा धुतले, दोन्ही वेळा 10 सेंमीत 24. आता 240 टाके घालायचे तर लोकर कमी पडणार, तोच रंग परत आणलाय पण लॉट, म्हणजे रंगवलेली खेप, वेगळा, नवी लोकर उजेडात धरली की थोडी पिवळसर वाटते. सरळ जोडली तर जिथे बदलली तिथे आडवी रेघ दिसेल. म्हणून परवापासून जुन्याच्या दोन ओळी, नव्याच्या दोन ओळी असा एक तुकडा विणतेय, वेणीसकट. ताई काल बाजूला बसली होती, म्हणाली, "हा पण तुकडाच का?" मी हो म्हटलं. अजून धुतलेला नाहीये.